ताप उतरला तरी घाई नको
अगं, लेकराला फ्लू झालाय म्हणून घाबरू नकोस. फ्लूचा ताप साधारण 3 ते 5 दिवसांत उतरतो. खोकला आणि मरगळ मात्र 2 आठवडेही रेंगाळते. माझा धाकटा चौथ्या दिवशी उठून बसला, मऊ भाताचे दोन घास खाल्ले आणि पुन्हा मांडीवर झोपून गेला. होतं तसं. जेवणासाठी मागे लागू नकोस. पेज, पाणी घोटघोट पाजत राहा, शू नेहमीसारखी होते ना ते बघ. ॲस्पिरिन अजिबात द्यायची नाही. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच बालवाडीत पाठव. नाशिकच्या पहाटेच्या थंडीत तर घाई नकोच. उतरलेला ताप परत चढला किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठ.