त्याला करमत नाही, बाई

"ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. दिवाळीनंतर एका मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेले. तो आजीकडे असतो. तेव्हापासून रोज कुणाला तरी मारतो, खिचडीचं ताट भिरकावतो. परवा सगळ्यांसमोर मी त्याला चापट मारली. रडलाही नाही, नुसता बघत राहिला. मुख्याध्यापक म्हणतात, लाड बंद करा, अभ्यासक्रम मागे पडलाय. मी शिक्षिका आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. करू काय?"

बाई,

आधी चापटीचं बोलू, कारण पत्रभर तीच टोचतेय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलावर हात उगारायला बंदी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ते ऐकवून तुम्हाला आणखी खजील करत नाही. पण चापट चारचौघांत मारलीत, तर माफीही चारचौघांतच मागा. "परवा मला राग आवरला नाही, माझं चुकलं." एवढंच. "पण तू पण..." असं शेपूट जोडू नका. मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य त्या वर्गानं बहुधा ऐकलेलं नसेल.

आता लेकराकडे. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, मुकादमाची गाडी येते आणि बिऱ्हाड हलतं. आठ वर्षांच्या पोराला कुणी बसवून सांगत नाही, की आम्ही कुठं चाललो, किती दिवस. त्याच्यापाशी "राग आला" एवढाच शब्द आहे, म्हणून सगळं हातापायांतून बाहेर पडतंय. मला विचाराल तर त्याला करमत नाही. केवढा नेमका शब्द आहे आपल्याकडे! मराठीच्या तासाला तोच घ्या. करमत नाही, हिरमुसलो, रुसलो, धास्ती वाटली, हायसं वाटलं. फळ्यावर लिहा, प्रत्येकानं एक शब्द निवडून त्याचं वाक्य करायचं, आधी शेजाऱ्याला सांगायचं. त्याला एकट्याला उभं करू नका. त्याला जमेल तेव्हा तो बोलेल, नाही तर ऐकेल. मुख्याध्यापकांना सांगा, हा मराठीचाच तास आहे. शिवाय 'मूल्यवर्धन' हा शाळांमधला मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम 2009 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात सुरू झाला. त्यातली जोडीचर्चा, गटचर्चा म्हणजे दुसरं काय? पुस्तिका कपाटात असतील तर काढा.

मारामारी झाली की "सॉरी म्हण" असा हुकूम देऊ नका. तोंडातून येतं आणि तिथंच संपतं. दोघं निवले की आधी ज्याला लागलं त्याचं ऐका, मग याला विचारा, आता याच्यासाठी काय करशील? मार खाणाऱ्या पोरांनाही तुम्हीच आहात, हे विसरून चालणार नाही.

एकदा आजीला भेटा, तक्रार न घेऊन जाता. फोन कधी होतो विचारा. तोडणीवाले पहाटे अंधारात फडात जातात, त्यामुळे बोलणं होईल ते संध्याकाळी, कोपीवर, म्हणजे झोपडीत, परतल्यावर. आठवड्यातला एक वार ठरवता आला तर त्याला वाट बघायला काहीतरी धड मिळेल. मात्र "मार्चमध्ये येतील हं" असं समजूत काढायला सांगू नका. कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे गाळप कधी संपेल, ते कुणाच्या हातात नसतं, आणि चुकलेला वायदा ही मुलं फार लक्षात ठेवतात.

तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही, बरोबर. म्हणून तो स्वतःला इजा करू लागला, जेवण-झोप तुटली, किंवा घरात कुणी त्याला छळतंय असा संशय आला, तर एकटीनं ओढू नका. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416, मुलाच्या सुरक्षिततेसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा 1098. दोन्हीकडे तुम्ही स्वतः फोन करू शकता.

आणि वर्णनात्मक नोंदीत तुम्ही त्याच्या नावापुढं काय लिहिलंय ते आज उघडून बघा. 'मारकुटा' किंवा तसलं काही असेल तर खोडा. चौथीच्या बाई त्याला बघायच्या आधी ती ओळ वाचतील. त्याऐवजी लिहा: आईवडील हंगामाला गेले की अस्वस्थ होतो, दिवाळीनंतरचे पहिले काही आठवडे जवळ बसवावं.

तुमची,
ताई