गोव्यात परसात काय लावावं: झाडाचा जुलै पाहा, एप्रिलही पाहा

आलेले प्रश्न तीन. बारदेशच्या किनाऱ्यावर समुद्राला लागून घर आहे, तिथं डाळिंब आणि मोसंबी पावसाळ्यात मरतात, मग टिकेल काय? पेडण्यातल्या जांभ्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) आंब्याची कलमं दुसऱ्याच वर्षी का सुकतात? सत्तरीतल्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या मिश्र बागेत) जायफळाला सात वर्षांनीही फळ का नाही?

तिन्ही ठिकाणी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून बराच जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पुढे मेपर्यंत जमीन सुकत जाते. म्हणजे झाडाला चार महिने ओली मुळं आणि नंतर सात-आठ महिन्यांचा कोरडा काळ, दोन्ही सोसावे लागतात. डिसेंबरात नर्सरीत सगळीच रोपं टवटवीत दिसतात. त्यावरून निवड करू नये.

डाळिंब कोरड्या हवेचं झाड आहे. दमट हवेत त्याला तेल्या (पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा) रोग धरतो आणि फवारण्या वाढवून तो आटोक्यात राहत नाही. मोसंबीच्या बुंध्याशी पाणी साचलं की मूळकूज आणि डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) येतो. सफरचंदाच्या ‘कमी थंडीच्या’ कलमांवरही पैसे घालू नका. किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या रात्रीही २० अंशांच्या आसपास असतात, तेवढ्या थंडीवर त्याचा बहर विसंबून ठेवता येत नाही.

किनाऱ्यावर वाऱ्याच्या बाजूला आधी उंडी आणि करंजाची ओळ लावा. तिच्या आड नारळ ७.५ मीटर अंतरावर, मग चिकू आणि जास्वंद. खाऱ्या वाऱ्याचा त्रास पावसात कमी असतो, कारण मीठ धुऊन जातं. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा जोराचा आणि पाऊस नाही, तेव्हा ते पानांवर साचून कडा करपतात. त्या दिवसांत संध्याकाळी गोड्या पाण्यानं पानं धुवावीत. विहिरीचं पाणी मात्र मे महिन्यातच तपासून घ्या. डिसेंबरात गोडं असलेलं पाणी तेव्हा मचूळ झालेलं असू शकतं. क्षारता २ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर त्या पाण्यावर आंबा लावू नये.

सड्यावरची कलमं उन्हानं सुकतात असं वाटतं, पण बहुतेक वेळा मूळ कारण पावसाळ्यातलं असतं. कातळात खणलेला फूटभर खड्डा जुलैत डबक्यासारखा भरतो, खालची मुळं कुजतात, आणि उरलेली वरवरची मुळं उन्हाळा काढू शकत नाहीत. म्हणून लावण्याआधी एक फूट खोल खड्डा पाण्यानं भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर पहारीनं खालचा थर फोडा. फुटत नसेल तर जागा बदला. आंब्यासाठी खड्डा १ मीटर लांब, रुंद आणि खोल हवा, काजूला ६० सेंटिमीटर पुरतो. वरची माती आणि २० किलो कुजलेलं शेणखत मिसळून जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच भरा, कारण भरलेली माती पावसात खचते. चुना माती तपासल्याशिवाय घालू नये. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर लावावं, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवावा. ऑक्टोबरात बुंध्यापासून वीतभर सोडून १० सेंटिमीटर पालापाचोळा पसरा आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्याला १५-२० लिटर पाणी द्या. मानकुराद आंबा, काजू, फणस अशा तयारीनं सड्यावर चांगले येतात. खोला गावची मिरची काणकोणात डोंगरउतारावर पावसाच्याच पाण्यावर होते, कारण तिथं पाणी मुळाशी थांबत नाही.

बाहेरून आणलेल्या रोपाच्या मुळाभोवती चिकट लाल मातीचा गोळा असेल तर तो आमच्या पावसात पाणी धरून ठेवतो. लावताना बाहेरचा थर मुळं न तोडता हलक्या हातानं सैल करावा. तसाच पुरला तर मोकळ्या मातीतही मुळं आतच गुदमरतात.

जायफळाबद्दल: तुमच्या सावलीचा किंवा खताचा दोष असेलच असं नाही. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांत जवळजवळ निम्मे नर निघतात, आणि ते फुलल्याशिवाय कळत नाही. फुलं झुपक्यानं येऊन फळ न धरता गळत असतील तर झाड नर समजा. दहा मादी झाडांमागे एक नर पुरे. बाकीच्या नरांवर मादी झाडाच्या काड्यांची कलमं बांधून घ्यावीत. नव्यानं लावताना सरळ वाढणाऱ्या फांदीची काडी वापरलेलं कलमच घ्या, आडव्या फांदीचं कलम झुडपासारखं पसरतं. भिरंडीचंही (कोकमाचंही) असंच, नर-मादी झाडं वेगळी, म्हणून कलमच घ्यावं. तिथं कोकण अमृता ही जात घ्यावी, तिची फळं पावसाआधी तयार होतात. उशिरा पिकणाऱ्या झाडाचं बरंच पीक जूनच्या पहिल्या सरींत हातचं जातं.