जुन्या पेटीत गोळ्या पाडायचा साचा सापडला आहे. शिशाची गोळी कशी ओतत आणि तिला चरबी कशासाठी लावत?

तुम्ही लिहिलं आहे की शुक्रवार पेठेतला वाडा पाडायच्या आधी माळा आवरताना पणजोबांच्या पेटीत चिमट्यासारखी लोखंडी वस्तू निघाली. तोंडाशी दोन अर्ध्या वाट्या, मिटल्यावर आत १५ मिलिमीटरची गोल पोकळी आणि एका दांडीवर '२२' असा आकडा. हे १८२२ साल असेल का, पणजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते तर साचा तिथला असेल का, आणि टायरवाल्याकडची शिशाची वजनं आणून घरच्या गॅसवर एक गोळी पाडून बघावी का, असं तुम्ही विचारता.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नका पाडू. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची सामग्रीही येते. परवान्याशिवाय गोळी पाडणं हा गुन्हा आहे, मग ती नुसती कपाटात ठेवायची असली तरी. दुसरं कारण स्वयंपाकघराचं, त्याकडे पुढे येतो.

आता '२२'. हे साल नाही, माप आहे. जुन्या बंदुकांचं माप पौंडावर ठरायचं. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या जितक्या गोळ्या होतील, तितकं त्या बंदुकीचं बोअर. आजही 'बारा बोअर' म्हणतो ते याच हिशेबाने, पौंडाला बारा. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याला बावीसने भागलं की २०.६ ग्रॅम येतात, आणि शिशाची घनता ११.३४ धरून तेवढ्या वजनाचा गोळा केला तर त्याचा व्यास १५.१ मिलिमीटर भरतो. तुम्ही मोजलेत १५. यापेक्षा चांगला पुरावा मिळणं कठीण.

खडकीचा कारखाना १८६९ सालचा. कारखान्यात हातचिमट्याने एकेक गोळी कोण पाडत बसेल? असे साचे बंदुकीबरोबर मिळत. प्रत्येक कारागिराच्या नळीचं माप थोडं वेगळं, म्हणून बंदूक घेतली की तिच्याच मापाचा साचाही घ्यायचा, आणि गोळ्या घरी पाडायच्या. त्यामुळे पणजोबांच्या नोकरीपेक्षा घरात पूर्वी एखादी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक होती का, तिच्या परवान्याचा कागद कुठे आहे का, हे शोधा.

मी हे कुठून सांगतोय तेही लिहितो. माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. आजोबांकडे रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि मे महिन्यात संध्याकाळी मागच्या पडवीत ते गोळ्या पाडायला बसले की मी खांबाला टेकून बघायचो. पुढे मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मोनो कास्टिंगवर, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रावर, बरीच वर्षं काढली. तिथेही दिवसभर वितळलेलं शिसंच. त्यामुळे शिसं कसं वागतं ते मी दोन्हीकडून पाहिलं आहे.

आजोबा चुलीवर लोखंडी पळी ठेवत. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पण वितळल्याबरोबर ओतलं तर चालत नाही, त्याच्या बरंच वर तापवावं लागतं. त्यांच्याकडे मोजायला काही नव्हतं. खराट्याचा एक हीर घेऊन टोक शिशात बुडवायचे. टोक हळूहळू तपकिरी झालं की बरोबर, लगेच काळं पडून धूर आला की पळी बाजूला. छापखान्यात पहिल्या दिवशी आमच्या फोरमनने कागदाची घडी भट्टीत बुडवून रंग बघितला, तेव्हा मला पडवी आठवली.

वितळलेल्या शिशावर राखाडी साय धरते, ती मळी. आजोबा मेणाचा हरभऱ्याएवढा खडा त्यात टाकत. भप्पकन ज्योत उठायची, पळी ढवळायची, आणि खालचं शिसं आरशासारखं लख्ख व्हायचं. मेण जळताना मळीतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि बराचसा धातू परत रसात जातो. उरलेली घाण काढून टाकायची.

साचाही तापलेला लागतो. थंड साच्यात पहिल्या दोन-चार गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, खारकेसारख्या. त्या परत पळीत. साचा फार तापला तर गोळीवर दवासारखी पांढुरकी झाक येते. साच्याच्या आतल्या बाजूला दिव्याची काजळी धरत, म्हणजे रस सगळीकडे पोहोचतो आणि गोळी पटकन सुटते. तुमच्या साच्यात आत काळेपणा असेल तर तो सगळा गंज समजू नका. ओतलं की क्षणभर थांबायचं. भोकाच्या तोंडाशी शिसं किंचित खाली बसतं, कारण गोठताना ते आकसतं. म्हणून तिथे थोडं जास्तीचं ओतून ठेवायचं, नाहीतर गोळीच्या पोटात पोकळी राहते आणि ती सरळ जात नाही. मग साचा उघडायचा, गोळी कांबळ्यावर पाडायची, देठ कापायचा. देठाची खूण ठासताना बरोबर वर, मध्यावर ठेवायची, असं आजोबांचं बजावणं असे.

आता शिसं कोणतं? इथे तुमच्या टायरच्या वजनांचा मुद्दा येतो. अशा गोळीला शुद्ध, मऊ शिसं लागतं, नखाने चरा उठेल असं. टायरच्या वजनांत अँटिमनी मिसळलेली असते, आणि हल्ली बरीच वजनं जस्ताची किंवा पोलादाची असतात. आमच्या छापखान्याचा धातू तर मुद्दाम कठीण केलेला. उदाहरणार्थ लायनोटाइप या अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या धातूत ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. ब्रिनेल या कठीणपणाच्या मापाने शुद्ध शिसं पाचच्या आसपास, तर हा धातू बावीसच्या आसपास. खिळ्याने हजारो कागदांवर दाब सोसायचा असतो आणि गोठताना आकसायचं नसतं, म्हणून तो तसा. गोळीने मात्र नळीत दबून तिचा आकार घ्यायचा असतो.

चरबीचं कोडंही इथेच सुटतं. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे, कारण लोक म्हणतात चरबी 'गोळी सरकावी म्हणून'. सरकण्यापेक्षा मोठं काम वेगळं आहे.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनच राहतो. काही पांढऱ्या धुरातून बाहेर जातो, उरलेला नळीच्या आतल्या अंगाला कीट होऊन बसतो. कोरड्या हवेत तो कीट खरवडावा लागेल इतका कडक होतो, दमट हवेत पाणी ओढून नळी गंजवतो. चार-पाच बार झाले की ठासायचा गज अडायला लागतो. आजोबा बंदूक ठेवण्याआधी नळीत कढत पाणी ओतत, नुसतं तेल लावून ती कधीच ठेवत नसत. कीट पाण्यात विरघळतो, तेलात नाही.

ठासणीच्या काळातली सगळी अक्कल या कीटाशी झगडण्यात गेली आहे. सैनिकांच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांत उपाय सोपा होता. गोळी नळीपेक्षा लहानच ठेवायची. ब्राउन बेस या इंग्रजी बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटरची आणि गोळी साडेसतराची. कीट चढला तरी गोळी खाली जाते, नेम मात्र जातो. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत अशाच बंदुका होत्या. ज्यांना नेम हवा होता ते नळीत पेच, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचा, पाडत आणि गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून घट्ट ठासत. चिंधी पेच पकडते आणि जाता जाता मागच्या बाराचा कीट पुसते. पण त्याला वेळ लागतो, आणि लढाईत वेळ नसतो.

१८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची गोळी आली आणि ही अडचण सुटली. ती लांबट, टोकदार आणि बुडाशी पोकळ. नळीपेक्षा बारीक असल्यामुळे सहज खाली जाते, आणि बार होताच वायूच्या दाबाने तिचं बूड फुगून पेचांत बसतं. फुगायला शिसं मऊच हवं. छापखान्याच्या धातूची गोळी फुगणार नाही, वायू बाजूने निसटेल. पण बूड फुगलं की ते कीटावर घासणार, म्हणून कीट मऊ राहायला हवा. चरबीचं काम ते. तिच्यामुळे कीट लोण्यासारखा राहतो आणि पुढची गोळी तो पुसून नेते.

१८५३ च्या एनफिल्ड बंदुकीला हेच तत्त्व लागू होतं, आणि तिच्या काडतुसाची गोष्ट तर आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कागदाच्या पुंगळीत दारू आणि गोळी, गोळीकडच्या टोकाला बाहेरून चरबी. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, पुंगळी उलटी करून चरबीसकट गोळी आत ढकलायची. ती चरबी कोणत्या जनावराची, याची खात्री करून घ्यायची गरज कंपनी सरकारला वाटली नाही. जानेवारी १८५७ मध्ये कोलकात्याजवळ दमदमला कुजबुज सुरू झाली. मग शिपायांनी स्वतःच मेण आणि तेल लावावं, अशी सूट देण्यात आली. म्हणजे मेण-तेलाने काम भागत होतं, हे त्यांनाही माहीत होतं! तोवर विश्वास उडालेला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले.

आमच्या आजोळी चरबी घरात येणं शक्यच नव्हतं. आजोबा मधाच्या पोळ्याचं मेण आणि कोकमाचं मुठेल एकत्र वितळवत. पायांच्या भेगांना लावतात तेच मुठेल. थंडीत घट्ट, बोटाच्या उबेने विरघळणारं. चिंधीच्या चकत्या त्यात बुडवून करवंटीत रचून ठेवायचे, आणि त्या करवंटीला येणारा मधाचा नि कोकमाचा मिश्र वास मला अजून ओळखता येईल. यंत्राचं ग्रीस ते कधी वापरत नसत. खनिज तेल या दारूबरोबर जळलं की डांबरासारखं चिकटतं.

आता स्वयंपाकघर. ओतताना निघणाऱ्या वाफेला लोक भितात, पण घरात खरं विष पसरतं ते मळीच्या भुकटीने आणि हातांनी. ती भुकटी ओट्यावर, पोळपाटावर, मुलांच्या बोटांवर जाते, आणि शिशाची 'इतकी चालते' अशी कोणतीही पातळी नाही. जुन्या बॅटरीच्या पाट्या वितळवण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये, त्यातून अत्यंत विषारी वायू निघू शकतात. आणि पाणी! एका पावसाळ्यात आमच्या छापखान्यात एकाने ओलसर लगड भट्टीत टाकली. थेंबभर पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि अर्धी भट्टी छतापर्यंत उडाली. माझ्या डाव्या मनगटावर अजून तीन पांढरे ठिपके आहेत. मी चष्मा घातला होता म्हणून डोळे वाचले.

तेव्हा साच्याचं असं करा. त्याला सॅंडपेपर लावू नका, वाट्यांच्या कडा बोथट झाल्या की साच्याची किंमत गेली. आत पांढरी पूड दिसली तर ती शिशाची असणार. हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या, बाहेरून शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवा. घरी ठेवणं किंवा विकणं यातलं काहीही ठरवण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत फोटो घेऊन जा आणि लेखी विचारा. निकामी, जुन्या घडणीच्या हत्यारांना कायद्यात सवलत आहे, पण ती साच्याला लागू होते की नाही हे तुम्ही-मी ठरवायचं नाही. बंदूक निघाली तर तिला हात न लावता आधी हेच करा. अशी बंदूक प्रत्यक्ष बघायची असेल तर राजा केळकर संग्रहालय तुमच्या पेठेतच आहे.

आणि परवाना शाखेने हरकत घेतली नाही, तर गोळी पाडून बघायची इच्छा मेणाने भागवा. रविवार पेठेत मधमाशांचं मेण मिळतं. एका जुन्या भांड्यात पाण्यावर ठेवून वितळवा, साचा कोमट करा, आत साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा आणि ओता. पूर्ण गार झाल्यावरच उघडा. ती गोळी सराफाच्या काट्यावर ठेवा. पावणेदोन ग्रॅमच्या आसपास भरेल. शिसं मेणाच्या जवळजवळ बारापट जड आणि तोळाही पावणेबारा ग्रॅमच्या जवळपासचा, म्हणून मेणाचे जितके ग्रॅम भरतील तितकेच शिशाचे तोळे धरायचे. तुमच्या पणजोबांच्या घरची गोळी पावणेदोन तोळ्यांची होती.