फुकटची लस, विकतची लस आणि राहिलेले डोस

सरकारी दवाखान्यातली लस फुकट मिळते. ती हलकी असते का?

नाही.

क्षयरोगावरच्या बीसीजी लसीनंतर बाळाच्या दंडावर व्रण उठला नाही. पुन्हा टोचावी का?

गरज नाही. शेजारणीने सांगितलं म्हणून तर मुळीच नाही.

खासगी दवाखान्यात 'न दुखणारी' लस सुचवली आहे. उसने पैसे काढून ती घ्यावी का?

उसने काढू नका. सुई दोन्हीकडे टोचतेच. फरक डांग्या खोकल्याच्या घटकात आहे. विकतच्या त्या लसीने ताप आणि सूज कमी येते. सरकारी पेंटाव्हॅलंटने, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीने, एक-दोन दिवस अंग तापतं, पण तिचं संरक्षण जास्त टिकतं. ही दुसरी बाजू खासगी दवाखान्याच्या फलकावर लिहीत नाहीत. पैसे जमेपर्यंत थांबलेले पालक मी पाहिलेत. दीड महिन्याची लस पाचव्या महिन्यावर गेलेली! डांग्या खोकला सर्वांत जिवावर बेततो तो याच तान्ह्या वयात. आधीच्या डोसनंतर झटके आले असतील तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढचा डोस नको.

दोन डोस झाले, तिसरा सहा महिने राहिला. पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. कार्ड घेऊन नर्सताईंना दाखवा.

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. गावात लसीकरण पूर्ण झाल्याचं सांगतात, पण ऊसतोडीहून परतलेल्या मुलांची कार्डं अर्धी कोरी असतात. आईबापच बेफिकीर म्हणायचे का?

बेफिकीर हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पूर्ण लसीकरणाचं प्रमाण २०१५-१६ मधल्या ६२ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे ७६ टक्क्यांवर गेलं. सुधारणा खरी आहे. पण ही सरासरी आहे, आणि जे मूल गावात नसतं ते गावच्या यादीतूनही गळतं.

हिशेब मांडून बघा. ऊसतोड मजुरांची टोळी दिवाळीच्या आसपास निघते, मार्च-एप्रिलात परतते. सप्टेंबरअखेर जन्मलेल्या बाळाचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर, असतानाच येतात. मार्चमध्ये जन्मलेल्याची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस डिसेंबरात, म्हणजे तीही फडावरच. लसीकरणाचं सत्र भरतं दिवसा. आई त्या वेळी मोळ्या बांधत असते. एक दिवस लसीला गेली की कामाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतात.

तरीही ती पोहोचलीच, तर काही ठिकाणी ऐकायला मिळतं, 'अजून मुलं जमू द्या, मग बाटली फोडू.' कारण गोवर-रुबेलाची फोडलेली बाटली चार तासांनंतर टाकून द्यावी लागते. पण एकाच मुलासाठीही बाटली फोडायची, असाच नियम आहे. वाया गेलेले डोस परवडतात. त्या आईला दुसरा खाडा परवडत नाही, म्हणून ती पुन्हा येत नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवर उसळला तो गोवंडीच्या दाट वस्तीत. लस न पोहोचलेली मुलं एका ठिकाणी साठली की गोवराला तेवढं पुरतं.

गुरुजी, तुम्ही एवढं करा. टोळी निघण्याआधी आशाताईंबरोबर बसून पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करा. प्रत्येक कार्डाचा फोटो बापाच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण मूळ कार्ड गावच्या पत्र्याच्या पेटीतच राहतं. ज्या कारखान्याला जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायला आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. आणि पालकांच्या कानावर घाला: सरकारी लस कुठल्याही गावात मिळते, तिथले रहिवासी असण्याची अट नाही.

सर्दी असताना लस द्यावी का?

साध्या सर्दीत द्यावी. ताप जास्त असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

मुलगी दीड वर्षाची आहे, एकही लस झालेली नाही. आता उशीर झाला का?

बीसीजीची वेळ गेली, ती वर्षाच्या आत देतात. गोवर-रुबेला आणि पोलिओ पाच वर्षांपर्यंत देता येतात. बाकीचं तिला तपासून आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरवतील. हे मला पत्राने विचारण्यात तुमचे आणखी काही दिवस गेले. येत्या सत्राला जा.