‘अयशस्वी’ कसला? कसूर म्हणा!

ठाण्यातल्या वर्तकनगरहून एका वाचकाने विचारलंय: ‘चालक श्वासाचा नमुना देण्यास अयशस्वी ठरला’ असं बातमीत वाचलं, ते बरोबर आहे का? आणि नकार व कसूर यांत फरक काय?

अजिबात बरोबर नाही. अयशस्वी ठरायला आधी खटपट करावी लागते. दहावीला बसलेला पोरगा अयशस्वी ठरतो. येऊरच्या डोंगरावरून उतरताना नाकाबंदीत काच अर्धी खाली करून ‘साहेब, ओळखलं नाही का?’ म्हणणारा कसला डोंबलाचा अयशस्वी! इंग्रजी ‘फेल्ड टू’ची ही ओढाताण वाचून डोकं उठतं. कायद्याच्या मराठीत नेमका शब्द आहे: कसूर.

नकार म्हणजे सरळ ‘नाही फुंकत, जा’. कसूर करणारा तोंडाने हो म्हणतो, नळी ओठांत धरतो, गाल फुगवतो आणि हवा कडेने सोडून देतो. हवालदार ‘जोरात, अजून, अजून’ ओरडतोय आणि यंत्र ढिम्म. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ ला दोघे सारखेच: दारूचा वाजवी संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक. इस्पितळात दाखल असलेल्याला तेवढी सूट. पुढे २०४ खाली डॉक्टरकरवी रक्त, आणि २०५ प्रमाणे वाजवी कारण दाखवलं नाही तर नमुना न देणंच कोर्टात अंगाशी येऊ शकतं.

आता खरी गंमत. कसूर अरबी, मूळ धातूचा अर्थ आखूड असणं, कमी पडणं. प्रवासातला मुसलमान चार रकातींची, म्हणजे चार आवर्तनांची, नमाज दोनांत आटोपतो, ती ‘कस्र’ याच धातूची! म्हणजे वाटसरूला आखूड करायची मुभा देणारा शब्द आणि वाटेवर आखूड फुंकणाऱ्याला धरणारा शब्द सख्खी भावंडं. जुन्या कागदांतली ‘तकसीर’, म्हणजे चूक, अपराध, हीही त्याच घरची.

नौपाड्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक मात्र कसर आणि कसूर एकच म्हणून ठासून सांगत फिरतात. साफ चूक. कसरही अरबी, पण तिचा धातू ‘मोडणं’; म्हणून तुकडा, अपूर्णांक. उर्दूत अक्षराखाली ‘इ’साठी मारतात तो तिरका फटकारा, ‘कसरा’, तिच्याच कुळातला. अरबीत कसूरचा ‘क’ पडजिभेपासून निघतो, ‘स’ही जड, कसरचे दोन्ही साधे. देवनागरीत येऊन दोघांचे चेहरे सारखे झाले आणि गुरुजी फसले. काटकसरीत कसर आहे, कसूर नाही. माझ्या मते हिशेबातली फुटकळ आणे-पै छाटायची ती काटकसर. गुरुजींना हे पटत नाही. न पटो! कपड्यांना लागणारी कसर हा किडा, त्याला या भांडणात ओढू नका.

हां, तर बातमी. ‘नमुना देण्यात कसूर केली’ असं लिहा. आणि त्याच मथळ्यात त्याला तळीरामही ठरवू नका. रक्ताचा अहवाल अजून यायचाय.