पंचाहत्तरीचा फोटो, नौपाड्यातल्या घरातला

प्रश्न : ताई, नमस्कार. मी घणसोलीला राहते, माहेर ठाण्याचं, नौपाड्यात. बाबांना डिसेंबरात पंच्याहत्तर पूर्ण होतायत. दर वाढदिवसाला आम्ही शर्टपीस नाहीतर घड्याळ देतो, ते कपाटात जातं आणि बाबा जुनाच शर्ट घालून फिरतात, म्हणून यंदा मी सगळ्यांचं फॅमिली फोटोशूट गिफ्ट द्यायचं ठरवलंय. पण पुण्याचा भाऊ म्हणतो मोबाईलमध्ये हजारो फोटो पडलेत, वर पैसे कशाला घालवायचे, आणि आई म्हणते माझे फोटो नकोतच, मी फार सुटलेय आता. बाबांना आधी सांगायचं की सरप्राईज ठेवायचं? आणि जागा कुठली, उपवन तलाव, पाम बीच रोड की सरळ स्टुडिओ? घरी काढायचा म्हटलं तर भिंतींना पोपडे आलेत, हॉलमध्ये निम्मी जागा झोपाळ्यानेच खाल्लीय, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि मार्चमध्ये घर रिकामं करायचंय त्यामुळे रंगही दिलेला नाही.
– एक मुलगी, घणसोली

उत्तर : तुम्ही हे अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच अडकले. मार्चमध्ये घर रिकामं करायचंय. मग उपवन नको, पाम बीच नको, स्टुडिओ तर नकोच, फोटो त्याच घरात काढा, त्याच झोपाळ्यावर, आणि पोपड्यांची अजिबात लाज वाटून घेऊ नका. नवीन टॉवरमध्ये जागा मिळेल, लिफ्ट मिळेल, पण हा हॉल परत मिळणार नाही, आणि चार वर्षांनी तुमच्या बाबांना कोणी विचारलं की तुमचं जुनं घर कसं होतं तर दाखवायला काय असेल? नौपाड्यात हल्ली गल्लीगल्लीत पत्रे ठोकलेले दिसतात, माझ्या ओळखीतली तीन घरं अशी गेली आणि तिन्ही घरांचा धड फोटो कोणाकडे नाही, वाढदिवसाच्या केकमागे जेवढी भिंत दिसते तेवढीच.

उपवनला सकाळी चालणाऱ्यांची गर्दी, तलावपाळीला संध्याकाळी उभं राहायला जागा नाही, आणि पाम बीचला उन्हात पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला नेऊन तासभर उभं करण्यात काय मजा. नेरूळच्या तळ्याकडे थंडीत फ्लेमिंगो येतात ते बाबांना एकदा दाखवून आणा जरूर, पण ते वेगळ्या दिवशी.

आता भाऊ. त्याला एकच काम सांगा, त्या हजारांतून असा एक फोटो शोधून दाखव ज्यात घरातले सगळे आहेत, सगळ्यांचे डोळे उघडे आहेत आणि आई हातात वाढण्याचं भांडं घेऊन कडेला अर्धी कापली गेलेली नाही. नाही सापडणार. बहुतेक घरांत नाही सापडत, कारण आई एकतर वाढत असते नाहीतर फोटो काढत असते.

माझी आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटोच नव्हता. शेवटी बँकेच्या पासबुकावरचा छोटा फोटो घेऊन आम्ही स्टुडिओत गेलो, त्यांनी तो मोठा केला, आणि खांदे नीट आलेले नव्हते म्हणून कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कोणाच्या तरी साडीतले खांदे जोडून दिले. आजीने जन्मात नऊवारीशिवाय काही नेसलं नाही, डोक्यावरून पदर असायचा, आणि फोटोत तिच्या अंगावर गुलाबी सहावारी, खांद्यावर प्लेटा पिन केलेल्या. आईने फ्रेम हातात घेतली आणि म्हणाली, या कोण? तो फोटो अजून आमच्याकडे आहे पण त्याला हार घालताना मला दर वेळी वाईट वाटतं. म्हणून मी तुमच्यासारख्यांना सांगत असते की आपल्याकडे माणसाचा चांगला फोटो माणूस गेल्यावर शोधतात, तुम्ही तो बाबा झोपाळ्यावर बसून चहा पितायत तेव्हाच काढताय, यापेक्षा चांगलं गिफ्ट मला तरी सुचत नाही.

सरप्राईज मात्र करू नका. सकाळी दारात कॅमेरावाला उभा राहिला की बाबांची दाढी झालेली नसते, आईच्या ब्लाउजची शिवण उसवलेली असते, आणि मग दोघं रागावलेल्या चेहऱ्याने उभे राहतात. महिनाभर आधी सांगा. वाटलंच तर एका पाकिटात चिठ्ठी घालून द्या की अमुक रविवारी सगळे घरी येतोय, फोटो काढायचाय, म्हणजे वाट बघण्यातही त्यांचा महिना छान जाईल आणि भावालाही पुण्याहून यायची तारीख टाळता येणार नाही.

आईला बारीक दिसशील वगैरे काही सांगू नका, तिला विचारा कपाटातली कुठली साडी नेसायचीय, आणि शक्य असेल तर त्या साडीची गोष्टही विचारा. समोरून ताठ बसवण्यापेक्षा थोडं तिरकं बसलं की माणूस मोकळा दिसतो, हात मांडीवर गुंतवायला नातवाचा हात द्यायचा. आणि अजून एक करा, तुमच्या आईबाबांचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो असेल बघा, त्या काळी बहुतेक जोडपी जायचीच, मागे रंगवलेला पडदा, तो खुर्चीत बसलेला आणि ती बाजूला उभी, दोघंही न हसता. तो शोधून काढा आणि तसाच एक आत्ता काढा, फक्त या वेळी आई झोपाळ्यावर बसेल आणि बाबा मागे कडी धरून उभे राहतील. हा फोटो सगळ्यात आधी घ्या, कारण पहिल्या अर्ध्या तासानंतर म्हातारी माणसं दमतात आणि लहान मुलांना भूक लागते.

बाकी घरातल्या शूटचं थोडं तंत्र आहे ते फोटोग्राफरशी आधीच बोला. आदल्या रविवारी हॉलच्या खिडकीतून किती वाजता चांगला उजेड येतो ते बघून ठेवा आणि तीच वेळ द्या. ट्यूबलाइट बंद ठेवायची, खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की चेहऱ्यांवर विचित्र हिरवट रंग येतो. हॉल लहान म्हणून तो वाइड लेन्स लावेल, त्यात कडेची माणसं ताणल्यासारखी रुंद दिसतात, तेव्हा आईबाबा मधोमध आणि कडेला तुम्ही भावंडं. सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचं फॅड मला आवडत नाही, फक्त बारीक रेघांचा शर्ट कोणी घालू नका, फोटोत त्या रेघा लाटांसारख्या वळवळतात. आणि चेहरे गुळगुळीत करू नका हे स्पष्ट सांगा, बाबांच्या कपाळावरच्या आठ्या राहू द्यात. सगळे एकत्र असलेला फोटो झाला की फोटोग्राफरला अर्धा तास जास्त थांबवून नुसत्या घराचे फोटो घ्यायला लावा, झोपाळ्याच्या कड्या, दारावरची पाटी, खिडकीचं ग्रिल, आणि चौकटीवर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा असतील तर त्या अगदी जवळून.

प्रश्न : आमच्या वास्तुशांतीला मित्रांनी फोटोशूट गिफ्ट दिलं होतं. साठ फोटोंची लिंक आली, आम्ही थोडे व्हॉट्सअ‍ॅपवर घेतले, नंतर लिंक बंद पडली. आता मोठी फ्रेम करायचीय तर फोटो फाटल्यासारखा येतोय. मागून अजून मिळतील का? फ्रेम किती मोठी करावी?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आजच फोन करा, बरेच फोटोग्राफर काही महिने हार्डडिस्कवर ठेवतात, पण कायम ठेवतीलच असं नाही. १२ बाय १८ इंचाची प्रिंट जवळून बघितली तरी स्वच्छ दिसायला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ३६०० बाय ५४००, साधारण २० मेगापिक्सेलची फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होऊन येतो, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर मागा, आणि मिळाली की दोन ठिकाणी ठेवा. सोफ्यावरच्या भिंतीला १२ बाय १८ छान दिसतं. फ्रेमवाल्याला सांगा की काच फोटोला चिकटून नको, मध्ये माउंटचा पुठ्ठा घाल, कारण खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत चार पावसाळ्यांत फोटो काचेला चिकटतो आणि काढायला गेलं की वरचा रंग निघून येतो. पावसाचं पाणी झिरपतं त्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आणि थेट ऊन येतं तिथेही नको. साठातले दहा निवडून छोट्या प्रिंट काढा आणि ज्या मित्रांनी गिफ्ट दिलं त्यांनाही एकेक द्या, त्यांनी दिलेल्या गोष्टीचं काय झालं ते त्यांनाही कळू दे.

प्रश्न : आम्ही पैसे देऊन काढलेले नातीचे फोटो फोटोग्राफरने न विचारता स्वतःच्या जाहिरातीला टाकलेत. असं चालतं का?
– एक आजोबा, कोपरी

उत्तर : १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी सांगून आणि मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल तर वेगळा करार नसताना त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देऊन फोटो काढायला सांगणारा, म्हणजे तुम्ही. पण बुकिंग करताना सही केलेला कागद आधी शोधा, बऱ्याचदा त्यातच बारीक अक्षरात परवानगी घेतलेली असते. नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागणी करा की अमुक तारखेच्या आत फोटो काढून टाका, आणि त्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट आधी जपून ठेवा. शूट गिफ्ट म्हणून देणाऱ्यांनीही ही परवानगीची ओळ बुकिंगच्या वेळीच खोडून घ्यावी, लहान मुलं असतील तर नक्कीच.