लेक्स लूथर एका गोरिलाच्या हाताखाली का राबतो?

तुमच्या प्रश्नांचा गोषवारा असा: सुपरहिरोंच्या संघाची 'जस्टिस लीग' ही कार्टून मालिका आणि तिचा पुढचा भाग 'जस्टिस लीग अनलिमिटेड' लागोपाठ पाहून संपवलं, मजा आली, पण काही गोष्टी पटल्या नाहीत. पहिल्या सीझनमधला सुपरमॅन ऊठसूट मार का खातो? सुपरमॅनचा हाडवैरी, आपल्याएवढा हुशार पृथ्वीवर कुणी नाही असं मानणारा लूथर, ग्रॉड नावाच्या गोरिलाच्या टोळीत साधा सभासद म्हणून कसा जातो? जोकर अर्ध्यातच कुठे नाहीसा झाला? आणि चीता ही खलनायिका मेली होती ना? चीताचं शेवटी घेतो, ती माझीही जुनी ठसठस आहे.

ही मालिका मी शाळेतून आल्यावर दप्तर फेकून पाहिलेली, आणि नंतर मोठेपणी क्रमाने दोनदा. नोव्हेंबर 2001 ते मे 2006, आधी 52 भाग, मग 'अनलिमिटेड'चे 39. एवढ्या पसाऱ्यात चुका निघणारच. पण तुम्ही विचारलेल्यांपैकी बहुतेक गोष्टींना मी निव्वळ चूक म्हणणार नाही. आधी मोट बांधली जाते आणि मग पात्राला त्या मोटेत बसण्यापुरतं वाकवलं जातं, असा तो प्रकार आहे. नायकांचंही तेच, खलनायकांचंही तेच.

सुपरमॅनचंच बघा. सात जणांच्या संघात एकटाच सगळं निस्तरू शकत असेल तर बाकीच्या सहांनी काय टाळ्या वाजवायच्या? म्हणून पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक नवा शत्रू किती जबर आहे हे दाखवण्याचं माप म्हणजे सुपरमॅन. विजेचा झटका बसला की आडवा, कुणी भिंतीवर फेकलं की दोन मिनिटं गायब. त्यातून त्याच्या गालांवर काढलेल्या त्या रेषा! तिशीतला पत्रकार कसला, निवृत्तीला आलेला हेडमास्तर वाटायचा. प्रेक्षकांनी याबद्दल इतकी ओरड केली की मालिकेचे कर्तेधर्ते ब्रूस टिम आणि मंडळींनी दुसऱ्या सीझनमध्ये चेहरा बदलला आणि ताकदही वाढवली. 'ट्वायलाइट' या भागात डार्कसाइड या महाबलाढ्य शत्रूवर तुटून पडणारा सुपरमॅन आणि पहिल्या सीझनमधला सुपरमॅन शेजारी शेजारी ठेवून पाहा, दोन वेगळी माणसं वाटतील.

अनेक जण याचं समर्थन शेवटच्या 'डिस्ट्रॉयर' भागातल्या भाषणाने करतात. मला हे जग पुठ्ठ्याचं वाटतं, काही मोडू नये म्हणून मी कायम हात आखडता ठेवतो, असं तो तिथे डार्कसाइडला सांगतो आणि मग हात मोकळा सोडतो. प्रसंग जबरदस्त आहे, अजूनही अंगावर काटा येतो. पण हात आखडता ठेवला म्हणून ठोसा हलका पडेल. विजेच्या झटक्याने भोवळ का येते, याचं उत्तर त्यात नाही. (संघातल्या मार्शियन मॅनहंटरला हाच रोग. तो भिंतीतून आरपार जातो, मन वाचतो, रूप बदलतो, आणि मारामारी सुरू झाली की सगळ्यात आधी बेशुद्ध पडतो.)

आता लूथर. इथे जरा थांबू, कारण या मालिकेने एका विसंगतीचं सोनं केलं ते इथेच. 2002 मधल्या 'इनजस्टिस फॉर ऑल'पासून धरा. वर्षानुवर्षं क्रिप्टोनाइट, म्हणजे सुपरमॅनला घातक असलेला दगड, जवळ बाळगल्याने लूथरला कर्करोग झालेला. तेव्हा तो टोळी जमवतो: चीता, कॉपरहेड, शेड, स्टार सफायर, सॉलोमन ग्रंडी, अल्ट्रा-ह्युमनाइट, आणि न बोलावता येऊन बसलेला जोकर. ही मोट बांधण्यामागे तत्त्व वगैरे काही नाही, पैसा आहे. आणि म्हणूनच ती फुटते. पकडलेला बॅटमॅन खुर्चीला बांधलेला असतानाही एकेकाच्या कानाला लागत टोळी आतून पोखरतो. अल्ट्रा-ह्युमनाइटला तर तो सरळ दुप्पट पैसे देऊ करतो, आणि तो संगीतवेडा पांढरा गोरिला मालक बदलतो! त्या टोळीतला सगळ्यात सुसंगत प्राणी तोच. शेवटी कोठडीतही आपल्या आवडीचं संगीत ऐकत बसलेला दिसतो.

पुढे गंमत अशी झाली की लूथर बरा झाला. कसा, का, कुणी काही सांगितलं नाही. ठणठणीत माणूस होऊन तो राष्ट्राध्यक्षपदाच्या गोष्टी करू लागला. आम्ही सगळ्यांनी तेव्हा हेच म्हटलं, लेखक विसरले. आणि 2005 मध्ये 'डिव्हायडेड वी फॉल'च्या तोंडावर कळतं की लूथरच्या शरीरात ब्रेनिअॅक, म्हणजे सुपरमॅनचा परग्रहावरचा यंत्रबुद्धी शत्रू, लपून बसलेला आहे. कधीपासून? तर सुपरमॅनच्या आधीच्या मालिकेतल्या 1997 च्या 'घोस्ट इन द मशीन' या भागापासून, ज्यात ब्रेनिअॅकने लूथरला डांबून स्वतःसाठी शरीर बांधायला लावलं होतं. कर्करोग बरा केला तोही त्यानेच. आठ वर्षांपूर्वीच्या भागात खुंटी ठोकलेली नव्हती, तरी लेखकांनी तिथे दोरी अशी अडकवली की खुंटी पहिल्यापासून होती असंच वाटावं.

यातूनच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर निघतं. 'डिव्हायडेड वी फॉल'मध्येच संघातला वेगवान धावपटू फ्लॅश पृथ्वीला प्रदक्षिणा घालून घालून लूथरला धडकतो आणि ब्रेनिअॅकला त्याच्यापासून सोलून काढतो. काही काळ देवासारखी बुद्धी अनुभवलेला माणूस पुन्हा नुसता माणूस होतो. शेवटच्या सीझनच्या सुरुवातीला, 'आय अॅम लीजन'मध्ये, त्याला ब्रेनिअॅक भासरूपाने दिसतो, त्याच्याशी बोलतो. ग्रॉड त्याला तुरुंगातून सोडवून आणतो आणि ब्रेनिअॅकचा उरलेला एक तुकडा पुढे करतो. संपलं. दारूड्यापुढे बाटली धरावी तसं. लूथर ग्रॉडच्या हाताखाली राबत नसतो, तो त्या तुकड्याच्या मागे असतो. हे डोक्यात ठेवून पाहिलंत तर टोळीच्या बैठकांमध्ये त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा खटकणार नाही.

ग्रॉडबद्दल मात्र तुमच्या बाजूने आहे. दुसऱ्या सीझनमधल्या 'सीक्रेट सोसायटी'त हाच ग्रॉड मोजके सहा जण निवडतो: सिनेस्ट्रो, जायगँटा, क्लेफेस, किलर फ्रॉस्ट, पॅरासाइट, शेड. त्यांना कवायत करायला लावतो, एकमेकांना सांभाळून लढायला शिकवतो. त्याच वेळी लीगचे सात जण मात्र आपापसांत धुसफुसत असतात. खलनायकांची फळी नायकांपेक्षा एकजूट, ही कल्पनाच झकास. मग शेवटच्या सीझनमध्ये याच नावाची जी दुसरी टोळी येते ती म्हणजे खोगीरभरती. लीगचा विस्तार झाला ना, मग समोरही डझनावारी हवेत. आणि एवढ्या मोठ्या फौजेमागचा ग्रॉडचा गुप्त बेत काय, तर जगातल्या सगळ्या माणसांची माकडं करायची! 'डेड रेकनिंग'मध्ये हे ऐकून लूथरचा चेहरा जसा होतो तसाच आपलाही होतो. लेखकांना बेत हास्यास्पद आहे हे ठाऊक होतं, म्हणून तर लूथर तिथेच त्याला गोळी घालून गादी बळकावतो. विनोद म्हणून उत्तम, पण आधीच्या थंड डोक्याच्या ग्रॉडशी त्याचं नातं लागत नाही.

आता जोकर. याचं उत्तर गोष्टीत शोधू नका, ते वकिलांच्या टेबलावर आहे. 2004 मध्ये 'द बॅटमॅन' ही वेगळी कार्टून मालिका सुरू झाली, 2005 मध्ये बॅटमॅनचा नवा सिनेमा आला, आणि बॅटमॅनचे बडे खलनायक 'अनलिमिटेड'साठी बंद झाले. चाहते याला 'बॅट-एम्बार्गो' म्हणतात. म्हणून जोकर या मालिकेत शेवटचा दिसतो तो 2003 मधल्या लास व्हेगासच्या भागात. हेच ॲक्वामॅन या समुद्रातल्या नायकाच्या वाट्याला आलं. त्याच्या स्वतंत्र मालिकेच्या हालचाली सुरू झाल्या आणि त्याचा हाडवैरी ब्लॅक मँटा वापरता येईना. मग काय केलं? 'डेव्हिल रे' नावाचा एक पाणबुड्या उभा केला. शिरस्त्राण थोडं वेगळं, बाकी सगळा मँटाच.

आणि हे काही नवं नाही. दलदलीतून वर येणारा शेवटच्या सीझनमधल्या टोळीचा तो काळा अड्डा पाहिलात ना? तो 1978 च्या 'चॅलेंज ऑफ द सुपरफ्रेंड्स'मधल्या 'लीजन ऑफ डूम'च्या अड्ड्याला केलेला नमस्कार आहे. त्या टोळीत तेरा जण होते. रिडलर आणि स्केअरक्रो होते, पण जोकर नव्हता, पेंग्विनही नव्हता. तेव्हा ते दुसऱ्या स्टुडिओच्या बॅटमॅन मालिकेत अडकलेले. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने दोन टोळ्या, आणि दोन्हींत जोकर नसण्याचं कारण तेच.

माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात खरी टोळी अगदी छोटी आहे. 'फ्लॅश अँड सबस्टन्स' हा भाग. कॅप्टन कोल्ड, मिरर मास्टर, कॅप्टन बूमरँग आणि ट्रिकस्टर. एकाच शहरातले, एकाच बारमध्ये बसणारे, एकाच माणसावर दात धरून असलेले. त्यांना जमवायला ब्रेनिअॅकचा तुकडा लागत नाही. त्यातला ट्रिकस्टर आधी एकटाच सापडतो तेव्हा बॅटमॅन त्याला धरून हलवायच्या बेतात असतो, तर फ्लॅश त्याला थांबवतो, शेजारी बसतो आणि औषधं बंद केलीस का रे, असं आपुलकीने विचारतो. अंगावर गणवेश चढवलाय हेही ट्रिकस्टरच्या लक्षात नसतं. दोन मिनिटांचा प्रसंग, पण फ्लॅश बाकीच्या भागांत नुसता वात्रट का वाटतो आणि तरीही संघ त्याच्यावर का टिकून आहे, हे तिथे कळतं.

राहिली चीता. 'इनजस्टिस फॉर ऑल'मध्ये ती बांधलेल्या बॅटमॅनशी बोलत बसते, त्याचं चुंबन घेते, आणि पुढे तिनेच फितुरी केली असा आळ येतो. लूथर ग्रंडीला खूण करतो, ग्रंडी तिला घेऊन जातो. पुढचं दाखवत नाहीत. आमच्याकडे नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते, वेळापत्रकापेक्षा वीस मिनिटं आधीच. बरीच वर्षं मी समजत होतो की पुढे काहीतरी दाखवलं असेल आणि ते माझं हुकलं. मोठेपणी पाहिलं तर दाखवलेलं काहीच नव्हतं, आणि 2004 च्या 'किड स्टफ'मध्ये बाई काही घडलंच नाही अशा थाटात हजर! शेवटच्या सीझनमध्ये तर त्याच लूथरच्या टोळीत. कुणी विचारत नाही, तीही बोलत नाही. लेखकांनी खुलासा दिलेला नाही, त्यामुळे मी स्वतःची अशी समजूत घातली आहे की काम ग्रंडीला सांगितलं होतं, आणि ग्रंडीने सांगितलेलं एकतरी काम धड केलंय का?